बेळगावहून कॅम्परव्हॅन घेऊन सह्याद्रीच्या जंगलात जाताय? या चुका टाळा

बेळगावात राहणाऱ्याचं एक भाग्य आहे. सकाळी पोटभर नाश्ता करून निघालं, तर दिवस मावळायच्या आत तीन राज्यांतल्या तीन राष्ट्रीय उद्यानांपैकी हव्या त्या एकाच्या वेशीवर पोचता येतं. लोंढा-रामनगरवरून अनमोड घाट उतरला की गोव्याचं मोले. दांडेली-जोयड्याच्या अंगाला आपल्याच कर्नाटकातलं अणशी. निपाणी-कोल्हापूर ओलांडून गेलं की वारणेच्या खोऱ्यातलं चांदोली. शिवाय अगदी अंगणात, खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्य आहेच. डोंगर सगळीकडे एकच, पण वनखाती तीन. परवाने वेगळे, गेटच्या वेळा वेगळ्या, पावसाळ्यात बंद ठेवायच्या तारखाही वेगळ्या.

अलीकडे आपल्याकडची बरीच जोडपी टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर इको घेऊन आतून घरासारखी करून घेतात आणि निघतात. निघावंच. पण परत आलेल्यांच्या तक्रारी ऐकल्या की लक्षात येतं, बहुतेक घोटाळे जंगलात झालेले नसतात. ते आधीच, घरी बसून ठरवताना झालेले असतात.

गाडीत पलंग आहे म्हणजे कुठेही झोपता येईल, हा समज

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच सांगते. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शिरणं, आग पेटवणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. डांबरी रस्ता जंगलातून जातो म्हणून रस्त्याकडेची मोकळी जागा मुक्कामाची होत नाही. गाडी आपली, डिझेल आपलं, म्हणून रात्र काढायचा हक्क मिळत नाही. संध्याकाळी पाच वाजता चेकपोस्टवर पोचून "आता इथंच कुठंतरी लावतो" म्हणणाऱ्याला वनरक्षक काय सांगणार? "अक्कारऽ, इल्ली निल्लब्याड्री, आनी बर्ताव." म्हणजे, ताई, इथं थांबू नका, हत्ती येतात. आणि तो घाबरवायला सांगत नसतो. दांडेली-खानापूरच्या या पट्ट्यातून २००२ च्या सुमारास हत्ती खाली दोडामार्गात उतरले, तेव्हापासून त्यांची ये-जा चालूच आहे. गवे तर रस्त्यावर उभेच असतात. खाण्याच्या वासाने अस्वलही गाडीपाशी येऊ शकतं.

म्हणून बेत उलटा आखायचा. आधी रात्रीचा मुक्काम, मग दिवसाची वाट. वनखात्याचे निसर्ग शिबिर, होमस्टेचं अंगण, गावातल्या देवळाच्या पंचांना विचारून मिळालेली मोकळी जागा, रामनगर-दांडेलीसारख्या गावातल्या लॉजचं पार्किंग, यातलं एक फोनवर पक्कं करून मगच निघा. होमस्टेवाल्याला आधीच सांगा, "आम्ही गाडीतच झोपणार, फक्त न्हाणीघर आणि पाणी लागेल." बहुतेक जण कमी पैशात हो म्हणतात. आणि सूर्य मावळायच्या तासभर आधी जागेवर पोचा. अंधारात उतार दिसत नाही, चिखल दिसत नाही, डोक्यावरची वाळकी फांदी तर नाहीच दिसत.

दक्षिणेकडे लांब जाणाऱ्यांनी दोन गोष्टी जास्तीच्या ध्यानात ठेवाव्यात. बंडीपूरमधून जाणारे रस्ते रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतात. कुद्रेमुखच्या जंगलातून जाताना गेटवर वेळ लिहिलेली चिठ्ठी देतात आणि दुसऱ्या गेटवर ती तपासतात. वाटेत गाडी थांबवून चहा करायचा बेत तिथं चालत नाही. १९८७ साली राष्ट्रीय उद्यान झालेला हा डोंगर लोहखनिजाच्या खाणीतून २००५ च्या अखेरीस सुटला. तिथली गवताळ माथ्याची शांतता टिकायची तर एवढा नियम पाळायलाच हवा.

आपल्या गाडीतून सफारी होईल असं धरून चालणं

होत नाही. दांडेलीत वनखात्याने ठरवलेल्या जीपमधूनच आत जावं लागतं. दूधसागरला कुळ्यातून जीप करावी लागते, तीही पावसाळ्यात बंद. चांदोलीही पावसाळ्यात बंदच. निघायच्या आधी त्या त्या खात्याकडून चालू तारखा विचारून घ्या, गेल्या वर्षीच्या व्हिडिओवर विसंबू नका.

घरची इन्व्हर्टरची बॅटरी गाडीत बसवणं

लोडशेडिंगमुळे आपल्याकडे घरोघरी १५० एएचची (ॲम्पिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप) शिशाची ट्युब्युलर बॅटरी असते, आणि नवीन कशाला घ्यायची म्हणून तीच गाडीत जाते. तिचं वजन ५५-६० किलो. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, घाटात हेलकावे बसले की ॲसिड सांडतं. शिवाय शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली रिकामी करत राहिलं तर लवकर मरते, म्हणजे हातात येतो निम्माच साठा. १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी साधारण १२ किलोची असते आणि जवळजवळ सगळी वापरता येते. महाग आहे, तरी मी तीच घ्यायला सांगेन. फक्त ती गाडीच्या अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राला, थेट जोडू नका. ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये करंट आवरून धरणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवाच.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बॅटरी भरलेली आहे, तरी रात्री दोन वाजता फ्रिज बंद पडतो आणि सकाळी दूध नासलेलं. फ्रिजवाल्याला शिव्या घालायच्या आधी मल्टिमीटर घ्या. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा, मग फ्रिजच्या सॉकेटवर. बॅटरीवर १२.४ आणि सॉकेटवर ११.५ दिसलं, तर दोष वायरचा आहे. हिशेब सोपा आहे. फ्रिज ५ ॲम्पिअर घेतो, बॅटरीपासून ५ मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तांबं. एक चौरस मिलिमीटरची घरगुती वायर वापरली तर जवळपास ०.९ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. फ्रिजला वाटतं बॅटरी संपली, आणि तो स्वतःला बंद करतो. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली की ही घट पाव व्होल्टच्या आत येते. काम तासाभराचं आहे. वायर बदलताना बॅटरीला लागून फ्यूज बसवा. लांब कुठेतरी बसवलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.

सोलर पॅनेलवर फार भिस्त ठेवू नका. अणशी-भीमगडच्या दाट झाडीत दुपारीही ऊन जमिनीवर पोचत नाही, आणि गाडी तर आपण सावलीतच लावतो. त्या दिवसांत बॅटरी भरते ती गाडी चालवल्यामुळे.

वजन वर आणि पाणी मागे

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी मागच्या चाकाच्याही मागे बसवली, वर कॅरियरवर तंबू, खुर्च्या आणि स्टेपनी चढवली, की गाडी चोर्ला घाटाच्या वळणांवर डोलायला लागते. जड वस्तू खाली आणि दोन्ही चाकांच्या मधोमध. टपावर फक्त हलकं.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. अनमोड उतरताना ब्रेकवर पाय ठेवून आलेली गाडी मोल्यात पोचेस्तोवर जळक्या लायनिंगचा वास सोडते, आणि पेडल मऊ लागायला लागतं. असं झालं तर रुंद जागा बघून थांबा, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या ब्रेक ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. पेडल तरीही मऊच राहिलं तर गाडी पुढे नेऊ नका, मेकॅनिक बोलवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आपल्या पावसात जास्तच. दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं.

गॅस आणि बंद खिडक्या

पाऊस लागला की माणूस खिडक्या लावून आत चहा टाकतो. हे जिवावर बेतू शकतं. अर्धवट जळालेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो. आधी डोकं दुखतं, मग गुंगी येते, आणि पुढचं कळत नाही. कोळशाची शेगडी तर उबेसाठी चुकूनही आत घेऊ नका. सिलिंडर लहान, पाच किलोचा, उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक हवं. फॅब्रिकेशनवाले धूळ येते म्हणून ते बुजवतात, त्यांना बुजवू देऊ नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म पलंगाच्या उंचीवर लावा.

सकाळी उठल्यावर छताच्या पत्र्याला, बोल्टच्या डोक्यांना थेंब लोंबलेले दिसतात, उशी दमट लागते. लोक गळती शोधत छतावर सिलिकॉन थापतात. बऱ्याचदा गळती नसतेच. दोघांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड पत्र्यावर साचलेली असते. छताचा पंखा हळू चालू ठेवा आणि समोरची एक खिडकी बोटभर उघडी, जाळी लावून. पत्र्याच्या आतून इन्सुलेशन नसेल तर ते करून घ्या. नाहीतर आषाढात गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते.

एकट्यालाच सगळं माहीत असणं

जोडप्यांच्या सहलीत हे फार दिसतं. नवऱ्याला गाडीची नस न् नस ठाऊक, आणि बायकोला गॅसचा मेन कॉक कुठं आहे तेही माहीत नाही. उद्या त्याला ताप भरला, पाय मुरगळला, तर त्या रानात काय करायचं? निघायच्या आधी एक दिवस अंगणातच तिनं जॅक लावून चाक बदलून बघावं, फ्यूज काढून घालून बघावा, रिव्हर्स घेऊन बघावी. त्यानं स्टोव्ह, पाण्याचा पंप आणि टॉयलेटची टाकी हाताळून बघावी. दोघांनाही गाडी चालवता येत असेल तरच लांबचा बेत करा. मुक्कामाची जागा निवडताना न्हाणीघराचा विचार सगळ्यात आधी करा, तो बाईनं एकटीनं सोडवायचा प्रश्न नव्हे.

कागद, पैसे, फोन

आतून पलंग-ओटा बसवणं म्हणजे गाडीत बदल करणं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे त्याला आरटीओची मंजुरी लागते. ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याने घेत असाल तर पांढऱ्या नंबरपाटीची, म्हणजे खासगी, गाडी घेऊ नका. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. हेमडगा, अणशी या भागात नेटवर्क जातं, त्यामुळे यूपीआय चालत नाही. रोख ठेवा, नकाशा आधी उतरवून घ्या, डिझेल खानापुरातच भरा.

सांडपाणी ओढ्यात सोडणं

याबद्दल मला फार वाटतं. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते, म्हादई भीमगडच्या जंगलात. आपण भांडी घासलेलं साबणाचं पाणी जिथं सोडतो, तिथं ती नदी अजून ओढ्याएवढी असते. पुढे तीच मलप्रभा सौंदत्तीच्या धरणात साठते आणि अख्खा मुलूख तिच्यावर जगतो. सांडपाण्याची टाकी भरून घेऊन या आणि गावात आल्यावर गटारात रिकामी करा. टॉयलेटची टाकी फक्त संडासात.

परत आल्यावर गाडी तशीच लावून ठेवणं

पाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, फ्रिजचं दार उघडं ठेवा, बॅटरीचा मेन स्विच बंद करा, गाद्या उन्हात टाका. डिसेंबर ते मे या दिवसांत गेला असाल तर अंगावर, कपड्यांच्या शिवणीत, चटईखाली गोचीड शोधा. १९५७ साली शिवमोग्यात पहिल्यांदा ओळखला गेलेला माकडताप या गोचिडांमधूनच पसरतो, आणि गोव्याच्या सत्तरीपासून दोडामार्गापर्यंत त्याचे रुग्ण सापडलेले आहेत. जंगलात वाळक्या पाल्यावर बसू नका, बाह्या आणि पायजमे लांब घाला. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. परतल्यावर आठवडाभरात थंडी वाजून ताप आला, डोकं आणि अंग सडकून दुखायला लागलं, तर डॉक्टरांना आधी सांगा की आम्ही रानात राहून आलो आहोत.