रोमन इक्वेसची करिअर दगडावरून कशी वाचायची

जुन्या गोव्याच्या म्युझियममध्ये वीरगळ आहेत, ते बघताना एक गोष्ट आधी माहीत पाहिजे की वीरगळ खालून वर वाचतात, खाली लढाई आणि सगळ्यात वर तो वीर देवाजवळ पोचलेला. वरून सुरुवात केली की माणूस आधी स्वर्गात जातो आणि मग लढायला येतो! माणसाची पदं एकामागून एक कोरलेल्या रोमन शिलालेखांचं पण तसंच, आधी दिशा पकडा.

इक्वेस म्हणजे शब्दशः घोडेस्वार, पण सम्राटांच्या काळात हा पैशावर ठरणारा वर्ग झाला होता, 4,00,000 सेस्टर्सची (सेस्टर्स म्हणजे रोमन नाणं) मालमत्ता पाहिजे, यांच्या वर फक्त सिनेटर, म्हणजे रोमच्या सिनेट सभेचे सभासद.

आता इक्वेसच्या पदांची शिडी पाठ करा. सैन्यात साधारण तीन पायऱ्या: 1) प्राएफेक्तुस कोहोर्तिस, म्हणजे कोहोर्तचा, पाचेकशे पायदळाच्या तुकडीचा प्रमुख, 2) ट्रिब्यून, म्हणजे त्याच्या वरचा लष्करी अधिकारी, बहुतेक लीजनमधला, म्हणजे रोमच्या मोठ्या फौजेतला (एका लीजनला 6 ट्रिब्यून, त्यातले 5 इक्वेस), 3) प्राएफेक्तुस आलाए, घोडदळाच्या तुकडीचा प्रमुख. त्यानंतर प्रोक्युरेटर, म्हणजे सम्राटाचा पैसा आणि महसूल सांभाळणारा, पगाराचे ग्रेड 60,000, 1,00,000, 2,00,000 असे. टोकाला रोमचा धान्यपुरवठा, इजिप्तचा कारभार आणि सम्राटाचे अंगरक्षक यांचं प्रमुखपद, ही पदं फार थोड्यांना मिळायची.

दगडावर पहिल्यांदा 'आलाए' शोधा. कोहोर्त त्याच्या आधी आलं तर लेख चढत्या क्रमाने आहे, नंतर आलं तर उतरत्या. दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून अंदाजाने वाचू नका.

इटलीतल्या कामेरिनुम गावचा इक्वेस मार्कुस माएनिउस आग्रिपा घ्या, शिकायला याच्यापेक्षा चांगला दगड मला तरी माहीत नाही. नावानंतर लगेच 'हॅड्रियनचा (हा रोमन सम्राट) यजमान' आणि 'सिनेटरचा बाप' असं येतं, ही पदं नाहीत, हा मान आहे आणि तो क्रम सोडून पुढे आणलाय, पोरगा सिनेटर झाला म्हणजे घराणं वर गेलं, ते कोण मागे लपवेल? मग खरी शिडी सुरू होते: ब्रिटन लोकांच्या कोहोर्तचा प्रमुख, मग हॅड्रियनने स्वतः निवडून ब्रिटनच्या मोहिमेवर पाठवला, मग हिस्पानी, म्हणजे स्पेनच्या लोकांच्या कोहोर्तचा ट्रिब्यून (दुसरी पायरी लीजनमध्येच असते असं नाही, ते इथे दिसतं), मग चिलखती घोडदळाचा प्रमुख, मग ब्रिटनच्या आरमाराचा प्रमुख, शेवटी ब्रिटनचा प्रोक्युरेटर. म्हणजे चढता क्रम. पगार लिहिलेला नाही, तो बहुतेक वेळा नसतोच, पदावरून ठरवावा लागतो.

तारीख कशी काढायची? हॅड्रियनच्या नावाआधी 'दिवुस' आहे, आपल्या देव शब्दाचाच भाऊबंद. मेल्यावर देव ठरवलेल्या सम्राटालाच हा शब्द लावायचे आणि हॅड्रियन 138 साली वारला, म्हणजे दगड त्यानंतरचा. एका शब्दावरून एवढं कळतं, म्हणून विशेषणं सोडून पुढे पळू नका.

पदाचं नाव पुस्तकात एक आणि दगडावर दुसरं असलं तर दगड धरा. येशूला क्रुसावर चढवायचा हुकूम देणारा पिलात, आपल्याकडे चर्चमध्ये ज्याचं नाव दर रविवारी घेतात, तो पण इक्वेसच. रोमन इतिहासकार टॅसिटस त्याला प्रोक्युरेटर म्हणतो, पण 1961 साली ज्युडियातल्या (पिलात जिथला अधिकारी होता तो प्रांत) कैसारियाला सापडलेल्या, पिलातच्या हयातीतल्या दगडावर प्राएफेक्तुस आहे. ज्युडियाच्या अधिकाऱ्याला प्रोक्युरेटर म्हणायची पद्धत पिलातनंतरच्या सम्राट क्लॉडियसच्या काळापासूनची आणि टॅसिटसने लिहिलं त्याच्याही कितीतरी नंतर, त्याच्या ओळखीचा शब्द त्याने वापरला.

आणि एकाच दगडावर थांबू नका. इंग्लंडमध्ये मेरीपोर्टला ज्युपिटर या रोमन देवाच्या वेद्या सापडल्यात, त्यांच्यावर आग्रिपाचं नाव आहे आणि पुढे फक्त ट्रिब्यून. कामेरिनुमची शिडी शेजारी ठेवली की कळतं, या वेद्या उभ्या केल्या तेव्हा तो दुसऱ्या पायरीवर होता, घोडदळ आणि आरमार अजून लांब होतं.