आलापल्लीचे मोठे साग बघायला निघालात? या चुका टाळा

"नागपूरहून पहाटे निघू, झाडं बघू, रात्री घरी." सगळ्यात मोठी चूक हीच. उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोलीलाच पावणेदोनशे किलोमीटर होतात. पुढे चामोर्शी, आष्टी करून आलापल्ली आणखी शंभरावर. आम्ही पहिल्यांदा असंच केलं. दुपारी दोनला पोचलो, आईचे गुडघे इतके आखडले होते की तिला गाडीतून उतरायलाच पाच मिनिटं लागली. झाडांखाली जेमतेम वीस मिनिटं मिळाली आणि परतताना खनिजाच्या ट्रकांमागे अंधारात रखडलो. आदल्या रात्री गडचिरोलीला मुक्काम करा आणि सहल तिथून एका दिवसाची धरा. पेट्रोल आष्टीच्या आधीच भरा, नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. पुढे रेंजचा भरवसा नाही.

भामरागड रस्त्यावरचं 'वनवैभव' म्हणजे सुमारे सहा हेक्टरचा राखून ठेवलेला जुना जंगलतुकडा. २०१४ मध्ये तो महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरला. आजूबाजूच्या जंगलातला साग तोडला जातो, विकला जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी लाकूड याच भागातून गेलं. वनवैभवातला मात्र उभा आहे. म्हणून तिथे दहा मिनिटांत सेल्फी काढून निघणं मला फार लागतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन जाऊ, असंही बरेच जण ठरवतात. साग पानगळीचं झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये वर उघड्या फांद्या आणि खाली वाळलेल्या पानांचा खच, सावली नावालाही नाही. भर पावसात नद्या-नाले रस्ता अडवतात. ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ चांगला. त्या दिवसांत काही पानांची नुसती जाळी उरलेली दिसेल. झाड रोगट झालं, असं समजू नका. पानं खाणाऱ्या अळ्या शिरा सोडून मधला गर खातात; साग त्यातून सावरतो.

"फार मोठी वाटली नाहीत" ही तक्रार मी खूपदा ऐकली आहे. झाडाला चिकटून उभं राहिलं की डोळ्यांसमोर फक्त साल येते. घेर मोजून बघा, मग कळतं. आम्ही शिंप्याची टेप नेली होती, दीड मीटरची. ती अर्ध्या खोडालाही पुरली नाही. सुतळी न्या. जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, खोडाभोवती गुंडाळा, गाठ मारून खूण करा आणि नंतर ती सुतळी मोजा. जुन्या सागाच्या बुंध्याला खोल पन्हळी असतात. त्या छातीच्या उंचीपर्यंत आल्या असतील, तर सुतळी त्या संपतात त्याच्या वरच्या बाजूला धरा, नाहीतर आकडा फुगतो. घेराला ३.१४ ने भागलं की खोडाचा व्यास मिळतो.

उंचीसाठी एक काठी पुरे. डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी उभी धरा आणि मागे सरकत जा. मुठीची वरची कड बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे जवळजवळ झाडाची उंची. दाट झाडीत शेंडाच दिसत नाही, म्हणून रस्त्याकडेचं किंवा मोकळ्यातलं झाड निवडा. मुलांना हे आधी नागपूरच्या महाराजबागेत करून दाखवा, तिथे हात बसतो.

साग आणि ऐन या दोन झाडांत गल्लत होते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची, सागाची राखाडी-तपकिरी आणि पातळ पट्ट्यांनी सुटणारी. खाली पडलेलं सागाचं कोवळं पान हातावर चोळलं की तळवा लाल होतो. फांदीवरचं तोडू नका. खोडावर नाव तर अजिबात कोरू नका. ती जखम झाड भरून काढतं, पण तिथून बुरशी-किडीला वाट मिळते.

मलेरियाचा भाग आहे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वाघ, बिबट आहेत. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले हत्तीही जिल्ह्यात फिरतात. निघण्याआधी वनविभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना विचारा आणि चारच्या सुमारास परत फिरा. डबा, पाणी घरूनच न्या. फोटो काढताना बुंध्याशी एक माणूस उभा करा आणि स्वतः वीस-पंचवीस पावलं मागे या.