जुन्या ट्रकचा इंडिकेटर रुसला? फ्लॅशर बदलायच्या आधी अर्थिंग बघा

गेल्या पावसाळ्यात माझ्या छोट्या ट्रकचा (२००९ चं मॉडेल, १२ व्होल्ट) मागचा डावा इंडिकेटर येडा झाला. डावा दिला की मिणमिणता पेटायचा, सोबत टेल लाइट पण लुकलुकायची आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर गायबच. वायरमनने आधी फ्लॅशर (इंडिकेटर टिकटिकवणारा रिले) बदलला, मग स्टेअरिंगखालचा स्विच बदलला, पैसे गेले आणि आजार तसाच. शेवटी रविवारी मीच लॅम्प खोलला तर अर्थची वायर (करंट परत बॅटरीकडे नेणारी) चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टने कसतात तिथे गंजाचे पापुद्रे, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) बोटाने जरा हलवलं तर तुटून हातातच आलं.

मुंबईत हे होणारच. शिवडी, माझगावच्या बंदराकडे रोजची फेरी, खारी हवा, वर पावसात कुर्ल्या-सायनला तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढायची. बल्बला करंट पोचतो पण परत जायला रस्ता नसला की तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो, म्हणून एक दिला की दुसरंच पेटतं. असं दिसलं की नव्वद टक्के अर्थच समजा.

टेस्ट लॅम्प (करंट येतोय का बघायचा बल्ब) घरी करता येतो, बल्बच्या होल्डरला दोन वायरी लावल्या की झालं. पण एक साधा मल्टिमीटर घ्याच, लॅमिंग्टन रोडला स्वस्तात मिळतो. इंडिकेटर चालू ठेवून मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन लॅम्पच्या अर्थला लावा (मागपर्यंत पोचायला लांब वायर जोडावी लागेल). बल्ब पेटतो त्या क्षणी आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. माझ्याकडे ४ दाखवत होता! मग बोल्ट काढा, चासी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, नवीन थिंबल दाबून लावा, कसा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. रंगावर थिंबल कसून काही उपयोग नाही, रंगातून करंट जात नाही.

अर्थ ठीक असेल तर पुढचं. एका बाजूचाच इंडिकेटर फास्ट टिकटिकतोय म्हणजे बहुतेक त्या बाजूचा एक बल्ब गेलाय किंवा होल्डरमध्ये हिरवा थर बसलाय. जुन्या गरम होणाऱ्या फ्लॅशरमध्ये उलटं, बल्ब गेला की टिकटिक मंदावते नाहीतर थांबतेच. आणि हौसेने एलईडी बसवले असतील तर फास्ट होणारच, २१ वॅटच्या जागी दोन-तीन वॅट लागले की फ्लॅशरला वाटतं बल्ब उडाला. एलईडीचा फ्लॅशर वेगळा मिळतो तो टाका.

दोन्ही बाजू बंद असतील तर हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम लावणारा स्विच) दाबून बघा. हॅझर्ड चालतोय म्हणजे बहुतेक फ्लॅशर जिवंत आहे, मग इग्निशनकडून येणारा फ्यूज नाहीतर स्विच तपासा. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा करंट हॅझर्डच्या स्विचमधूनच जातो आणि तो स्विच महिनोन्महिने कोणी दाबत नाही, आत कार्बन धरतो. दहा-पंधरा वेळा खटाखट चालू-बंद करा, कधीकधी फुकटात काम होतं. हसू नका, माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच सुरू झाली.

फ्यूज सारखा उडत असेल तर १० अँपिअरच्या जागी २० चा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी अजिबात टाकू नका, वायरिंग जळेल. त्या बाजूचे सगळे बल्ब काढा, फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प जोडा, इंडिकेटर द्या आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) इंचाइंचाने हलवत जा. शॉर्ट आहे तोवर लॅम्प फुल पेटेल किंवा लुकलुकेल, पूर्ण विझला की हात जिथे आहे तिथेच वायर सोललीय. बहुतेक वेळा चासीला भोकातून जाते तिथे, भोकातलं रबरी कडं (ग्रोमेट) निघालेलं असतं. वायर तोडून जोडायच्या आधी बॅटरीचा मायनस काढा, हातातलं कडं-अंगठी पण काढा.

सगळेच बल्ब लवकर उडत असतील तर गाडी चालू करून बॅटरीवर मीटर लावा, १४.५ च्या बराच वर गेला तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा. २४ व्होल्टच्या गाडीला आकडे दुप्पट.

हे सगळं गाडीच्या फिटनेस तपासणीच्या आठवड्यात करू नका, आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी जावं लागतं आणि तिथे इंडिकेटर बंद दिसला की परत फेरी. खऱ्या दुरुस्तीला खर्च शेवटी किती? एक थिंबल आणि पॉलिश पेपरचा तुकडा. काढलेला जुना फ्लॅशर अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, एकदम ठणठणीत.