मांजर हरवलं तर आधी जिन्याखाली बघा

मांजर घरात दिसेना झालं की माणसं चपला अडकवून थेट रस्त्यावर पळतात आणि चौकापर्यंत हाका मारत सुटतात. ते शेवटी करायचं काम. डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे, आणि आसपासच्या सोसायट्यांत कुणाचं मांजर गेलं की पहिला फोन मला येतो. तेव्हा जे सांगते तेच इथे लिहिते.

आधी घर. दिवाणाची पेटी, वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजची मागची बाजू, गाद्यांची वळकटी. सोफा उलटा करा; खालचं कापड एका कोपऱ्यात फाटलेलं असेल तर हात घालून चाचपा. माळा विसरू नका. आमच्या वरच्या वहिनी सगळी गल्ली पालथी घालून रडत परत आल्या, तर त्यांचा बोका माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात झोपलेला. हाका त्याला ऐकू येत होत्या. उठायची इच्छा नव्हती.

घरात नाहीच अशी खात्री झाली की मग बाहेर, पण लांब नाही. ज्या मांजराने कधी उंबरा ओलांडलेला नाही ते फटाक्याने, ढोल-ताशाने किंवा उघड्या दाराने बाहेर पडलं की भटकत नाही, दडी मारतं. आणि मुकं होतं. एरवी डबा वाजला तरी बोंबलणारं मांजर तुम्ही हातभर अंतरावर उभे असलात तरी हूं का चूं करत नाही. रुसलेलं नसतं ते, भ्यालेलं असतं. हजाराहून जास्त हरवलेल्या मांजरांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. जी सापडली त्यातली ७५ टक्के ५०० मीटरच्या आत सापडली होती. फक्त घरातच राहणाऱ्यांमधली ७५ टक्के तर १३७ मीटरच्या आत. म्हणजे आपली इमारत, शेजारची इमारत आणि समोरचं गॅरेज. बाहेर फिरायची सवय असलेलं मांजर मात्र मैलभरही जातं, आणि नसबंदी न झालेला बोका कुठवर जाईल याचा नेम नाही.

म्हणून शोध जमिनीलगत करायचा. जिन्याखालची अडगळ, मीटरची खोली, पंपरूम, पाइपांचा डक्ट, कुंड्यांच्या मागची फट, गाडीखाली. पावसाळ्यात आणि थंडीत बोनेटच्या आतसुद्धा, कारण इंजिन उबदार असतं. सकाळी गाड्या निघायच्या आधी सगळ्यांना बोनेटवर दोन थापा मारायला सांगा. लोकांना विचित्र वाटेल, वाटू दे. वाकून बघायचं नाही, बसून बघायचं. माझे गुडघे कुरकुरतात, तरी बसते. आणि प्रत्येक जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. शेजाऱ्याने "आमच्याकडे नाही हो" म्हटलं म्हणजे त्याने बाल्कनीतलं कपाट उघडून बघितलं असं होत नाही. गोड बोला, पण आत जा.

खरी वेळ रात्रीची. दोन ते चारच्या दरम्यान रिक्षा थांबलेल्या असतात, कुत्री निजलेली असतात, तेव्हा लपलेलं मांजर जरा हलतं. टॉर्च कमरेशी धरू नका, आपल्या डोळ्यांच्या उंचीला कानशिलाजवळ धरा. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकाकणारा थर असतो आणि उजेड जिथून आला तिकडेच तो परत फेकतो. टॉर्च डोळ्यांजवळ असेल तर पार दूरवरून दोन हिरवट ठिपके दिसतात. दिसले की थांबा. पुढे जाऊ नका, नावाने ओरडू नका. खाली बसा आणि रोज बोलता तसं बोला. मी पोळ्यांचा हिशोब पुटपुटते, पंधरा नाडकर्णींच्या, दहा डॉक्टरांच्या. आवाज ओळखीचा हवा, शब्द कुठलेही चालतात.

वासासाठी तव्यावर सुकट भाजा, पण आपल्याच खिडकीत, आणि थोडी. गल्लीच्या तोंडाशी भाजलीत तर परिसरातले झाडून सगळे बोके गोळा होतील आणि तुमचं भेदरलेलं मांजर आणखी आत सरकेल. त्याच्या वाळूचा ट्रे बाहेर ठेवा असंही सांगतात. बोक्यांच्याच भीतीने मी ठेवत नाही. त्यापेक्षा आपली वापरलेली, न धुतलेली साडी दाराशी ठेवा आणि रात्रभर दार बोटभर उघडं ठेवता आलं तर ठेवा.

आता माणसं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकाच, पण ग्रुपवरची माणसं लिफ्टने येतात नि लिफ्टने जातात. मांजर ज्यांना दिसतं ते वेगळे: वॉचमन, पहाटेचा दूधवाला, गाड्या पुसणारा मुलगा, झाडूवाल्या ताई, शाळकरी पोरं. आणि सगळ्यांच्या वर मासेवाली मावशी. आमच्या नाक्यावरच्या मावशीला या भागातलं एकेक मांजर शेपटीवरून ओळखू येतं. फोटो दाखवला की ती कोयता खाली ठेवते, हात फडक्याला पुसते आणि फोन डोळ्यांजवळ नेऊन बघते. "ही नाय आली. पर एक नवी येतंय, कान कापलेली, लय भुकेली." कानाचं टोक सरळ कापलेलं म्हणजे नसबंदी करून परत सोडलेलं मांजर, हे लक्षात ठेवा. तुमच्या मांजराचा कान तसा असेल तर पत्रकात लिहा.

पत्रक असं:

मांजर हरवले आहे. नाव गुंडी. भाटी, भुरी, पोट पांढरं. अमुक इमारतीच्या मागच्या बाजूने गेली. दिसल्यास पकडायला धावू नका, फोटो काढा आणि लगेच फोन करा. रात्री-अपरात्रीही चालेल.

फोटो अख्ख्या अंगाचा, उभा असतानाचा. मांडीवर गोळा होऊन झोपलेल्याचा नको, तशी सगळीच सारखी दिसतात. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पाउचमध्ये घाला. एक खूण मात्र मुद्दाम लिहू नका. गुंडीच्या शेपटीचं टोक गाठ मारल्यासारखं वाकडं होतं, ते मी कुठेच छापलं नाही. "मांजर माझ्याकडे आहे, आधी यूपीआयवर पैसे पाठवा" म्हणणाऱ्याला शेपटी कशी आहे ते विचारायचं. फोन आपोआप बंद होतो.

सापडलं आणि हाती येत नसेल तर पाठलाग नको. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडे पिंजरा मिळतो. तो कापडाने झाका, आत खाणं ठेवा आणि लांब बसा. घाबरलेलं मांजर आपल्या माणसालाही चावतं. चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या इंजेक्शनचं विचारा. हळद भरून बसू नका. मांजराचा दात बारीक पण खोल जातो. घरी आणल्यावर पाणी आणि थोडं थोडं खाणं द्या. दुधाची वाटी नको, मोठ्या मांजरांतल्या बऱ्याच जणांना दूध पचत नाही. काही दिवस उपाशी असेल तर डॉक्टरांना दाखवाच, उपासाने मांजराचं यकृत बिघडतं. घरातलं दुसरं मांजर त्याच्यावर फिस्कारेल, कारण अंगाला परका वास असतो. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा.

कुणी विष घातलं किंवा मारलं असा संशय असेल तर भांडत बसण्याआधी फोटो काढा आणि पोलिसांत जा. प्राण्याला मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

आणि सापडलं नाही तर? गुंडी सापडली नाही. इमारतीला रंग लावत होते, बांबूची परांची खिडकीला टेकलेली, ती त्यावरून उतरली. वर लिहिलेलं सगळं केलं. त्याच पाहणीत साधारण एक तृतीयांश मांजरं पहिल्या सात दिवसांत मिळाली होती, आणि नव्वद दिवसांनंतर जिवंत मिळालेली फार थोडी. म्हणून तीन महिने नेटाने शोधायचं, मग रोजचं हिंडणं थांबवायचं, पण पत्रक आणि फोन नंबर तसेच ठेवायचे.

या काळात लोक "मांजरच तर होतं" म्हणतील. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना चहाही देऊ नका. भांडी-वाटी आवरायची घाई करू नका. फक्त घासून ठेवा, नाहीतर मुंग्या येतात. माझ्याकडे पहाटे कणीक मळायला घेतली की गुंडी पिठाच्या डब्याच्या झाकणावर येऊन बसायची, आणि उतरताना काळ्या ओट्यावर पांढऱ्या पावलांची रांग. आता ओटा पुसावा लागत नाही, तरी फडकं हातात येतं. येऊ द्यावं. पुढचं मांजर कधी आणायचं, याला मुहूर्त नाही. आणलंत तर तेच नाव ठेवू नका आणि "ती असं करायची नाही" असं त्याला ऐकवू नका. त्याचा काय दोष?

आणायचं नसेल तर खालच्यांना खायला घाला, आणि त्यांची नसबंदी करून घ्या. नुसतं खाऊ घालणं म्हणजे अर्धं काम. भाटी साधारण नऊ आठवड्यांत विते.

फोन मात्र येत राहतात, कधी वर्षाने. "भुरं मांजर आहे बघा गॅरेजपाशी." जायचं. बहुतेक वेळा आपलं नसतं, पण तिथे भुरं मांजर खरंच असतं. सुकट न्या, दुरून बसून फोटो काढा, कान बघा, शेपटी बघा. कान अख्खा आणि माणसाची सवय दिसली, तर ते कुणाचं तरी हरवलेलं असू शकतं. गॅरेजवाल्याला विचारा कधीपासून आहे, आणि फोटो ग्रुपवर टाका. एक खूण तेवढी लपवून ठेवा.