प्रवासाहून परतल्यावर: बॅग, खण आणि अर्धवट राहिलेली पुस्तकं

दोन-तीन आठवडे बाहेर राहून घराचं दार उघडलं की आपल्याच घराचा वास येतो. एरवी तो कधीच जाणवत नाही. नाक दोन-चार मिनिटांत त्याला सरावतं, डोळ्यांना मात्र दोन-चार दिवस लागतात. तेवढ्या काळात दाराशी उगाच पडलेलं स्टूल दिसतं, टेबलावरचा कागदांचा गठ्ठा दिसतो, कपाटावरचं खोकं दिसतं. या सगळ्या वस्तू जाण्यापूर्वीही तिथेच होत्या, पण अतिपरिचयात् अवज्ञा म्हणतात तसं त्यांच्याकडे बघणंच सुटलेलं होतं.

म्हणून मला मनापासून वाटतं की घर आवरायला परतीनंतरच्या आठवड्यासारखा दुसरा मुहूर्त नाही. नुकतेच आपण एका बॅगेतल्या सामानावर कितीतरी दिवस नीट जगून आलेलो असतो. साठलेल्या कामांच्या धसक्याने हे दिवस हातचे घालवू नका. मी कोणत्या क्रमाने आवरते ते सांगते. तुमचं घर वेगळं असेल, पण क्रम शक्यतो मोडू नका, कारण प्रत्येक कामामुळे पुढचं सोपं होतं.

आल्या आल्या

बॅग पलंगावर ठेवू नका. मुक्कामाच्या ठिकाणचे ढेकूण बॅगेच्या शिवणींत आणि चेनच्या कडेला लपून येतात. बॅग फरशीवर, शक्य असल्यास बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत उघडा. शिवणींवरून टॉर्च फिरवा आणि काळे ठिपके किंवा कात दिसते का बघा. शंका आली तर ज्या कपड्यांना चालेल ते ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा. ढेकूण आणि त्यांची अंडी त्या तापमानाला टिकत नाहीत.

मग खिडक्या उघडा आणि सगळे नळ काही मिनिटं सोडून द्या. आठवडाभराहून जास्त काळ पाईपमध्ये थांबून राहिलेल्या पाण्यात जिवाणू वाढू शकतात. लेजिओनेला नावाच्या जिवाणूला २० ते ४५ अंशांचं कोमट पाणी मानवतं आणि तो बारीक तुषारांतून श्वासात जातो. त्यामुळे शॉवर सोडताना त्याचं तोंड खाली धरा आणि आपण जरा दूर उभं राहा. घरात घाण वास भरला असेल तर घाबरून जाऊ नका. मोरीच्या जाळीखालच्या वळणात जे पाणी साठून राहतं, ते गटाराचा वास अडवतं. बरेच दिवस वापर नसला की ते सुकून जातं. एक-दोन तांबे पाणी ओतलं की काम झालं.

बॅग त्याच दिवशी, शेवटच्या खिशापर्यंत

अर्धी उपसलेली बॅग आठवडाभर कोपऱ्यात पडून राहते, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. तिच्यातले ओलसर कपडे तर एक-दोन दिवसांतच कुबट होतात. म्हणून कितीही दमला असलात तरी बॅग पूर्ण रिकामी करूनच झोपा. याला पाऊण तासाहून जास्त वेळ लागत नाही.

रिकामी करताना मी दोन ढीग करते. जे वापरलं ते एकीकडे आणि जे घडी न मोडता परत आलं ते दुसरीकडे. हा दुसरा ढीग नीट बघा. गेल्या वेळी माझ्या ढिगात एक निळा शर्ट निघाला. आणखी जुन्या प्रवासातला एक फोटो सहज बघितला, तर त्यातही तोच शर्ट उघड्या बॅगेत तसाच घडीत दिसत होता. दोन प्रवास करून आला, पण अंगाला एकदाही लागला नाही. कापड उत्तम, रंग माझ्या आवडीचा, पण बाह्या काखेत ओढतात, म्हणून हात दरवेळी दुसऱ्याच शर्टाकडे जातो. कपाटाशी उभं राहून हे कधी लक्षात आलं नसतं, बॅगेने ते दाखवून दिलं. न वापरलेल्या वस्तू एका कागदावर लिहून ठेवा. ही यादी पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

पावत्या आणि तिकिटं त्याच बैठकीत वेगळी करा. बहुतेक पावत्यांचा कागद उष्णतेने छपाई करण्याचा असतो आणि उन्हात किंवा गरम जागी राहिला की त्यावरची अक्षरं पुसट होत जातात. खर्चाचा हिशेब द्यायचा असेल किंवा वस्तूची वॉरंटी असेल तर लगेच फोटो काढून ठेवा.

झोप आणि साठलेली कामं

लांबचा प्रवास करून आला असाल तर झोपेची घडी बसायला वेळ द्या. साधारण अंदाज असा की जितक्या तासांचा फरक, तितके दिवस. पूर्वेकडे प्रवास केला असेल तर त्रास जास्त होतो, कारण आपलं शरीराचं घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित जास्त लांब चालतं. त्याला दिवस लांबवणं जमतं, आखडणं जड जातं. दिवसा बाहेरचा उजेड घ्या, रात्री दिवे मंद ठेवा आणि घड्याळ बसेपर्यंत कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. वस्तू टाकायची की ठेवायची हाही एक निर्णयच आहे. त्यामुळे आवराआवर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू करा. तोवर नुसतं बघा आणि जे खटकेल ते टिपून ठेवा.

ईमेल आणि निरोप वाचताना सर्वांत नवीन आधी वाचा. मागच्या दहा निरोपांत जो घोळ चालला होता, तो अकराव्यात मिटलेला असतो. ज्यात मुदत आहे किंवा पैसे भरायचे आहेत ते पहिल्या दिवशी उरका. ज्यांना उत्तराची वाट असेल त्यांना एका ओळीत कळवा की आलोय, दोन दिवसांत सविस्तर लिहितो. बाकीचं थांबू शकतं.

एका वेळी एकच खण

आता मुख्य काम. अख्खं घर काढू नका. एक खण घ्या, तोही सगळ्यात कमी भावनिक. मी वायरी आणि चार्जरच्या खणापासून सुरुवात करते.

खण पूर्ण बाहेर काढून चादरीवर उलटा करा. वरवर चाळून वस्तू वेचू नका, तसं केलं की तळातलं तळातच राहतं. माझ्या खणातून अकरा वायरी निघाल्या. प्रत्येक वायर हातात घेऊन एकच विचारलं, ही कशाला लागते? चार वायरींचं उत्तर हातासरशी मिळालं. त्यांना कागदी पट्टी चिकटवून वर नाव लिहिलं. तिघी एकाच जातीच्या होत्या, त्यांतली एक ठेवली. उरलेल्या चार कोणत्या उपकरणाच्या हे घरात कोणालाच सांगता आलं नाही, कारण ती उपकरणं केव्हाच गेली होती. तळाशी एक जुना फोन होता, बॅटरी फुगून त्याची पाठ उचललेली. अशी बॅटरी पेट घेऊ शकते. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्या. चालू स्थितीतला फोन कोणाला देणार असाल तर आधी आपल्या खात्यांतून बाहेर पडा, सगळा डेटा पुसा आणि सिमकार्ड काढून घ्या.

पुढचे खण घेताना हात अडखळतो, आणि त्याला कारण आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली कॉफीच्या मगांचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही जणांना मग फुकट दिला आणि तो केवढ्याला विकाल असं विचारलं. बाकीच्यांना तसाच मग केवढ्याला घ्याल असं विचारलं. ज्यांच्या हातात मग आला होता, त्यांनी सुमारे दुप्पट किंमत सांगितली. मिनिटांपूर्वी मिळालेल्या मगाची ही गत, तर दहा वर्षं कपाटात असलेल्या वस्तूची काय कथा! म्हणून ‘कधीतरी लागेल का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी होच येतं. ‘ही वस्तू माझ्याकडे नसती, तर आज मी ती विकत आणली असती का?’ असं विचारा. बॅगेतल्या न वापरलेल्या वस्तूंची यादी इथे पहिल्यांदा कामाला येते, त्या वस्तूंना हाच प्रश्न आधी विचारा.

ज्याचा निर्णय होत नाही ते एका खोक्यात घाला, वर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा आणि चिकटपट्टी लावा. खोकं त्या तारखेपर्यंत उघडावं लागलं नाही तर देऊन टाका. आठवणींच्या वस्तूंना मात्र हा नियम लावू नका. पत्रं, हस्ताक्षरं, गेलेल्या माणसांचे चष्मे यांच्यासाठी वेगळी पेटी करा आणि निवांत वेळ द्या. त्यांच्या बाबतीत घाई केलेल्या माणसांना मी हळहळताना पाहिलं आहे. दुसऱ्या कोणाच्या वस्तू त्यांना न विचारता काढायच्या नाहीत, हे ओघाने आलंच.

पुस्तकं सर्वांत शेवटी

कारण सरळ आहे, पुस्तक हातात घेतलं की आपण तिथेच फतकल मारून वाचत बसतो.

आधी प्रवासात वाचलेली पुस्तकं घ्या. पुस्तक मिटलेलंच ठेवा आणि आठवतं ते पाच-सहा ओळींत लिहा. काय सांगितलं होतं, काय पटलं, कोणता प्रसंग डोळ्यांसमोर राहिला आणि ते कुठे बसून वाचलं. जागा जरूर लिहा, खिडकीजवळची सीट आठवली की पान आठवतं. लिहून झाल्यावरच पुस्तक उघडून ताडून बघा. हेर्मान एबिंगहाउसने १८८५ साली स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीच्या तासांत आणि दिवसांत झपाट्याने विसरतं, मग वेग मंदावतो. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, पुस्तक त्यापेक्षा बरंच जास्त टिकतं, तरी पुढचं पाठ, मागचं सपाट ही गत होतेच. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ सालच्या प्रयोगांत, पुन्हा वाचत बसणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहिलं होतं.

अर्धवट राहिलेल्या पुस्तकात खूण कुठे आहे ते बघा. मागची दोन पानं वाचा. पुढे काय होतं याची ओढ लागली तर ते उशाशी ठेवा. नाही लागली तर विनासंकोच मिटा, त्यात अपराध काही नाही.

मग फडताळ. ग्रंथालयंसुद्धा वेळोवेळी संग्रहातली पुस्तकं कमी करतात, शेतातल्या खुरपणीसारखं. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलं म्हणजे पुस्तकं उपयोगासाठी आहेत, आणि तिसरं म्हणजे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. हे तिसरं सूत्र मला पुस्तक देऊन टाकताना फार धीर देतं. माझ्याकडे धूळ खाणाऱ्या पुस्तकाचा वाचक दुसरीकडे कुठेतरी असेल. देण्याआधी पानं झटकून घ्या, आतून चिठ्ठ्या, फोटो, कधी नोटाही निघतात.

बॅग परत ठेवताना

रिकामी बॅग पुसून, उघडी ठेवून दिवसभर वाळू द्या. नंतर न वापरलेल्या वस्तूंची ती यादी तारीख घालून आतल्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी बॅग भरायला काढाल तेव्हा ती सर्वांत आधी हाताला लागेल.