कारखान्यात वारंवार ट्रिप होतंय? या चुका टाळा

कोल्हापूरची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, मशीन थांबलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘लाईट गेली.’ लगेच महावितरणला फोन. त्याआधी शेजारच्या शेडमधली लेथ फिरतेय का ते बघा. फिरत असेल तर इनकमरवर, म्हणजे वीज आत येते त्या मुख्य स्विचवर, तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा. तिन्ही आकडे 415 व्होल्टच्या आसपास आले तर बिघाड तुमच्याच घरात आहे.

ट्रिप झालेला ब्रेकर तसाच परत चढवणं

यापेक्षा महाग चूक नाही. एमसीसीबीचं (पॅनेलमधल्या मोठ्या ब्रेकरचं) हँडल मधोमध अडकलंय म्हणजे तो ट्रिप झालाय, बिघाड ओळखून आपोआप बंद पडलाय. शॉर्ट तसाच असताना तो दोन-तीनदा चढवला की आतले कॉन्टॅक्ट जळतात आणि पुढच्या वेळी तो वीज तोडेलच याचा भरवसा राहत नाही. आधी फीडर (त्या भागाला वीज देणारी लाइन) बंद करून कुलूप लावा, टेस्टरनं वीज नसल्याची खात्री करा. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर), सर्ज अरेस्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारं उपकरण) वेगळे काढा आणि न्यूट्रलची जोडपट्टी मोकळी करा. व्हीएफडीला हात लावण्याआधी त्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या, आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो. मग 500 व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरनं) फेज ते अर्थ आणि फेज ते फेज मोजा. मोटर जोडलेली असताना फेज ते फेज शून्यच दिसणार, कारण मोटरचं वाइंडिंग (तारांची गुंडाळी) आतून जोडलेलं असतं. त्यामुळे केबल मोटरच्या टोकाला मोकळी करूनच मोजा. 1 मेगाओहमच्या खाली वाचन आलं तर चढवायचं नाही, विषय संपला.

ओव्हरलोड रिले अंदाजानं फिरवणं

ओव्हरलोड रिले म्हणजे करंट जास्त झाला की मोटर बंद करणारं उपकरण. ‘सारखा ट्रिप होतोय’ म्हणून रिलेची चकती पुढे सरकवली की ट्रिप थांबतं आणि मोटर रिवाइंडिंगला जाते. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात नेणारा) गोंधळ जास्त होतो. रिले डेल्टाच्या आत, मेन कॉन्टॅक्टरखाली (मोटर चालू-बंद करणाऱ्या मुख्य स्विचखाली) असेल तर तो नेमप्लेटच्या करंटच्या 0.58 पटीवर ठेवायचा. नेमप्लेटवर 27 अँपिअर लिहिलेल्या 20 एचपी मोटरला साधारण 16 अँपिअर. तिथं 27 ठेवला तर संरक्षण नावालाच उरतं.

सेटिंग बरोबर असूनही रिले ट्रिप होत असेल तर टाँग टेस्टर (तारेभोवती लावून करंट मोजणारा मीटर) तिन्ही फेजवर लावा, व्होल्टेजही मोजा. व्होल्टेज 410, 415 आणि 425 असेल तर सरासरी 416.7 येते आणि असमतोल 2 टक्के. ऐकायला किरकोळ, पण करंटमधला असमतोल त्याच्या कित्येक पट वाढतो आणि एक वाइंडिंग एकटंच तापतं.

लग ढिला, नट घट्ट

ॲल्युमिनिअमच्या केबलला साधा ॲल्युमिनिअम लग (केबलच्या टोकाला बसवायचा जोड) लावून तांब्याच्या बसबारवर (पॅनेलमधल्या वीज वाहणाऱ्या पट्टीवर) आवळणं आपल्याकडे सर्रास चालतं. दोन धातूंच्या जोडावर गंज धरतो, रोध वाढतो, जोड तापतो आणि एक दिवस काळा पडून फेज सुटतो. बायमेटॅलिक (दोन धातूंचा) लग वापरा, क्रिंपिंग (लग केबलवर दाबून बसवणं) योग्य डायनं करा, टॉर्क पान्यानं आवळा आणि नटावर मार्करनं रेघ ओढून ठेवा. रेघ सरकली की लगेच कळतं. न्यूट्रलचा जोडही असाच तपासा. तो सुटला तर 230 व्होल्टच्या काही उपकरणांवर व्होल्टेज 300 च्याही वर जातं आणि ऑफिसातले कॉम्प्युटर एकदम उडतात.

ब्रेकर आहे, पण त्याला ट्रिप करणारी बॅटरी मेली

एचटी व्हीसीबीची (उच्च दाबाच्या व्हॅक्यूम ब्रेकरची) ट्रिप कॉइल बहुतेक ठिकाणी डीसी बॅटरीवर चालते. बॅटरी खलास असेल तर रिले आदेश देतो, ब्रेकर मात्र ढिम्म हलत नाही. मीटरवर व्होल्टेज दिसलं म्हणजे बॅटरी ठीक, असं धरू नका. चार्जर बंद करून शटडाउनमध्ये खरंच ट्रिप होतंय का ते बघा. ही बाजू परवानाधारक माणसाच्याच हातात द्या.

फर्नेसच्या कारखान्यात साधे कपॅसिटर

इंडक्शन फर्नेस (विजेवर धातू वितळवणारी भट्टी) हार्मोनिक्स, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतले वीज बिघडवणारे करंट, सोडते. पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी खरं काम करणारा हिस्सा) सुधारण्यासाठी साधे कपॅसिटर लावले की ते फुगतात, फ्यूज उडतात. 7 टक्के डीट्यून्ड रिॲक्टर (हार्मोनिक्सपासून कपॅसिटर वाचवणारी कॉइल) लावा, पण त्यासोबत 440 व्होल्टचे कपॅसिटर चालणार नाहीत: रिॲक्टरमुळे कपॅसिटरवर व्होल्टेज 415 भागिले 0.93, म्हणजे सुमारे 446 होतं. 480 किंवा 525 व्होल्टचे घ्या.

फर्नेसची आणखी एक गोष्ट. पुरवठा गेला तरी भट्टीतला धातू तापलेलाच असतो आणि कॉइलमधलं पाणी थांबलं तर कॉइल फुटू शकते. उंचावरची टाकी किंवा डीजीवरचा (डिझेल जनरेटरवरचा) पंप आपोआप सुरू होतो का, हे महिन्यातून एकदा चालवून बघा. कागदावर टाकी सगळ्यांकडे असते, व्हॉल्व्ह मात्र गंजलेला असतो.

पाऊस आणि पूर

फौंड्रीची धूळ आणि जुलैतली ओल एकत्र आली की बसबारच्या इन्सुलेटरवर करंट सरपटू लागतो. पावसाआधी पॅनेल बंद करून व्हॅक्यूमनं साफ करा, ब्लोअर मारून धूळ पुढच्या खणात ढकलू नका. वापरात नसलेली केबलची भोकं ग्लँडनं (केबलच्या भोकाची घट्ट टोपी) किंवा सीलनं बंद करा. उंदीर तिथूनच येतात. ट्रान्सफॉर्मरच्या ब्रीदरमधली (हवेतली ओल शोषणाऱ्या डब्यातली) निळी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर बदला आणि तेलाची बीडीव्ही चाचणी (तेल किती व्होल्टेज सोसतं ते) 30 केव्हीच्या खाली आली तर तेल फिल्टर करा.

2019 आणि 2021 च्या पुरासारखं पाणी शेडमध्ये आलं तर मोटर धुऊन, वाळवून, मेगर करून परत वापरता येते. बुडालेले एमसीसीबी, रिले आणि कॉन्टॅक्टर मात्र वाळवून लावू नका, बदलाच. आतल्या स्प्रिंगमध्ये गेलेला गाळ बाहेरून दिसत नाही.