वेबसाइटवरील मजकुराच्या चौकटीला मार्कडाउनची जोड

वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत नको ते फॉन्ट आणि रंग वेबसाइटवर येतात. कोल्हापुरातील चप्पल लाईनमधल्या एका दुकानाची वेबसाइट सांभाळताना या त्रासावर मला ईझीएमडीई (EasyMDE) या मोफत, मुक्तस्रोत मार्कडाउन एडिटरचा फार चांगला उपयोग झाला. मार्कडाउन म्हणजे तारकांसारख्या साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी दाखवण्याची पद्धत.

त्याची एक सीएसएस आणि एक जावास्क्रिप्ट फाइल पानाला जोडावी आणि फॉर्ममधील टेक्स्टएरिया (मजकूर लिहिण्याची चौकट) त्याच्याकडे सोपवणारी एक ओळ लिहावी, एवढ्यावर टूलबार दिसू लागतो. दुकानदाराने ‘कापशी’ (चपलेचा एक प्रकार) हा शब्द निवडून ठळक अक्षराचे बटण दाबले, की त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारका पडतात आणि डेटाबेसमध्ये तेवढाच स्वच्छ मजकूर जातो. मराठीसाठी मात्र स्पेलचेकर हा पर्याय बंद करणे अत्यंत आवश्यक आहे, कारण तो इंग्रजी शब्दकोश वापरतो आणि देवनागरीतील शब्दांमागून शब्द चुकीचे ठरवून लालसर रंगवत जातो. लिहिता लिहिता वीज जाण्याची धास्ती असल्यास ऑटोसेव्ह सुरू करून प्रत्येक फॉर्मला वेगळा युनिक आयडी द्यावा. मसुदा ब्राउझरमध्येच जपला जातो.

मार्कडाउनमध्ये कच्चे एचटीएमएलही चालते आणि त्यातून घातक कोड शिरू शकतो, म्हणून एचटीएमएलमध्ये रूपांतरित केलेला मजकूर पानावर दाखवण्यापूर्वी असा कोड काढून टाकणाऱ्या डीओएमप्युरिफायसारख्या साधनातून न चुकता गाळून घ्यावा.